काळा बन, भोपळ्याचा चेहरा आणि सोसायटीचा अर्ज : घरी केलेले हॅलोविनचे २४ बर्गर

भाऊबीज २३ ऑक्टोबरला झाली. सोसायटीच्या आवारातला मुलांचा मातीचा किल्ला अजून मोडलाही नव्हता, तोच त्याच मुलांनी हॅलोविनची टूम काढली. ३१ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. खाऊ म्हणून ‘भुताचे बर्गर’ हवेत, एकूण २४. हातात आठ दिवस होते, आणि दादरच्या एका घरातला ओटा, २८ लिटरचा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) आणि एक बिडाचा तवा.

अशा बर्गरच्या कृती नेटवर ढिगाने मिळतात. पण त्यातल्या बहुतेक थंड हवेतल्या स्वयंपाकघरांसाठी लिहिलेल्या असतात. ऑक्टोबर हीटमध्ये आमच्या ओट्याजवळ दुपारी ३१ अंश होते. या उकाड्यात पीठ धावत सुटतं, मेयोनेज पातळ होतं, चीजवर कोरलेला चेहरा मिनिटभरात ओघळतो. म्हणून काय केलं आणि काय बिघडलं ते तारखेवार लिहून ठेवतोय.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आधी अर्ज. तळमजल्यावरचा हॉल हवा असेल तर सेक्रेटरींच्या नावे लेखी अर्ज लागतो : तारीख, वेळ, माणसं किती, जेवण बाहेरून येणार की घरचं, शेगडी पेटवणार का. शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ लिहा. ‘हो’ लिहिलंत तर गॅस सिलिंडर, आग विझवायचं नळकांडं, असे आणखी प्रश्न निघतात. आम्ही ‘सर्व पदार्थ घरी शिजवून आणले जातील’ असं लिहिलं. भाडं ५०० रुपये, अनामत १०००. शिक्क्याची पोच लगेच मिळाली, मंजुरी सोमवारी २७ तारखेला. कमिटीतल्या एका काकांनी ‘आपल्यात सर्वपित्री झाली की आत्ताच, आता हे कशाला?’ असं विचारलं. मुद्दा अगदीच गैर नाही. हॅलोविनचं मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या सावेन या जुन्या सणात सांगतात. तो सुगी संपून हिवाळा लागतानाचा, गेलेली माणसं घराकडे फिरकतात असं मानायचा काळ. तिथे आधी सलगम कोरत. भोपळा आला तो अमेरिकेत. आणि मुंबईला हा आठवडा अगदी परकाही नाही. २ नोव्हेंबरला वांद्रे-वसईकडे ख्रिस्ती कुटुंबं दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावतात. काकांना हे सांगितलं, त्यांनी सही केली.

त्याच संध्याकाळी घरोघर जाऊन यादी केली. हे काम टाळू नका. २४ पैकी चिकनवाले १०, शाकाहारी १४, आणि त्या चौदांत ६ जैन. कार्तिकी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला होती, म्हणजे चातुर्मास अजून चालू. कांदा, लसूण, बटाटा, बीट, गाजर सगळं बाद. दोन घरांत सूर्यास्तानंतर खात नाहीत, आणि ऑक्टोबरअखेर मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे एक गोष्ट तिथेच ठरली : जैन बर्गर साडेपाचच्या आत मुलांच्या हातात. यीस्ट चालतं का, हेही विचारून घ्या. आमच्याकडे चाललं, पण प्रत्येक घराचा नियम वेगळा असतो.

वेगळे दोन शाकाहारी घाणे करण्यापेक्षा चौदाही टिक्क्या जैन पद्धतीच्याच करायच्या ठरवल्या. गडबडीत एक टिक्की इकडची तिकडे गेली तरी कुणाचा नेम मोडत नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात केकच्या सामानाची दुकानं आहेत. सकाळी अकराच्या आत पोचलात तर दुकानदाराला बोलायला वेळ असतो. तिथून काळा कोको १०० ग्रॅम (२४० रुपये), काळा जेल रंग (९५), इन्स्टंट यीस्ट (७०) आणि बाटलीतले काळे ऑलिव्ह (२१०) घेतले. कोको घेताना ‘काळा’ असा स्पष्ट मागा. साध्या तपकिरी कोकोने बन चॉकलेटी होतो, काळा होत नाही. काळ्या कोकोवर अल्कलीची जास्त प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे रंग कोळशासारखा येतो आणि आंबटपणा जातो.

बरेच जण ॲक्टिव्हेटेड चारकोलची, म्हणजे खास प्रक्रिया केलेल्या कोळशाची पूड सुचवतात. आम्ही मुद्दाम टाळली. विषबाधेत डॉक्टर तो देतात ते तो पोटातली द्रव्यं धरून ठेवतो म्हणून, आणि तसाच तो रोजच्या औषधांनाही धरतो. बर्गर खाणाऱ्यांत रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आजी-आजोबा होते. रंगासाठी एवढी जोखीम नको. जेल रंगही बेताने. २०१५ साली अमेरिकेत एका बर्गर साखळीने हॅलोविनला काळा बन आणला, तेव्हा दुसऱ्या दिवशी लोकांना शौचाला हिरवं झालं आणि त्याचीच चर्चा जगभर झाली. कोकोने पाया काळा करून घेतला की जेल अगदी कमी लागतो.

मेयोनेज बिनअंड्याचं, तयार बाटलीतलं. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर तेलंगणने ऑक्टोबर २०२४मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५मध्ये वर्षभराची बंदी घातली ती विषबाधेच्या भीतीनेच. या हवेत घरचं अंड्याचं मेयो दोन तास हॉलमध्ये ठेवणं म्हणजे विषाची परीक्षा.

२६ ऑक्टोबर, रविवार : बनची तालीम

पहिला घाणा फसला. कोको न घालता नुसता जेल घातला होता. पीठ छान काळं दिसलं, भाजल्यावर मात्र जांभळट राखाडी झालं आणि तळाशी हिरवी झाक आली. शिवाय गरम बन झाकून ठेवले, वाफ धरली आणि रंग बोटांना, ताटलीला, टेबलक्लॉथला लागला. दुसऱ्या घाण्यात जमलं. ते प्रमाण, साठ-साठ ग्रॅमच्या १२ काळ्या बनांसाठी :

मैदा ४०० ग्रॅम, काळा कोको २० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम, दूध १६० मिली, पाणी १०० मिली, बटर ३५ ग्रॅम, काळा जेल १ छोटा चमचा.

चारशेतला २० ग्रॅम मैदा त्या १०० मिली पाण्यात कालवून मंद आचेवर खळीसारखा घट्ट शिजवा आणि पूर्ण गार करा. या खळीमुळे बन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, आणि आपल्याला बन आदल्या दिवशीच करायचे आहेत. मग बटर सोडून सगळं एकत्र करून पीठ भिजवा, पाच मिनिटांनी बटर घाला आणि दहा मिनिटं चांगलं तिंबा. छोटा गोळा बोटांनी ताणल्यावर पातळ पडदा झाला आणि फाटला नाही म्हणजे झालं. कोको पाणी पितो. पीठ कोरडं वाटलं तर एक-दोन चमचे दूध वाढवा, मैदा मात्र वरून भुरभुरू नका, काळ्यावर पांढरे चट्टे पडतात. हाताला तेल लावा.

कृतींमध्ये दूध कोमट घ्या म्हणतात. ऑक्टोबरच्या मुंबईत फ्रिजमधलं गार घ्या. गार दूध घेऊनही पीठ ५० मिनिटांत दुप्पट झालं, कृतीत दीड तास लिहिला होता. घड्याळ बघू नका, पीठ बघा : पिठात बोट बुडवलं तर खळगा हळूहळू अर्धा भरून यावा. झटकन भरला तर अजून थांबा, तसाच राहिला तर उशीर झालाय.

नारिंगी बनांना तेवढाच मैदा, साखर, मीठ, यीस्ट आणि बटर. पाण्याऐवजी लाल भोपळ्याचा गर १५० ग्रॅम, दूध ११० मिली, हळद पाव चमचा आणि काश्मिरी मिरची १ छोटा चमचा. खळ लागत नाही, भोपळाच ते काम करतो. भोपळा कुकरमध्ये पाण्यात शिजवला तर गर पाणचट होतो आणि पीठ चिकट. फोडी ओटीजीत भाजा किंवा चाळणीत वाफवा, मग गर कढईत पाच मिनिटं परतून कोरडा करा. नुसत्या हळदीने बन पिवळा होतो, नारिंगी होतो तो मिरचीने.

आता सगळ्यात अडचणीचा भाग. काळा बन भाजला गेला की नाही हे डोळ्यांना कळत नाही! साधा बन बदामी झाला की आपण काढतो, इथे कच्चाही काळा आणि करपलेलाही काळा. थर्मामीटर असेल तर बनच्या मध्यात ९२ अंश दिसायला हवेत. नसेल तर आमची युक्ती : प्रत्येक ट्रेमध्ये तीन काळे, तीन नारिंगी ठेवा. नारिंगी हा साक्षीदार. तो बदामी झाला की काळाही झाला. १८० अंशांवर, मधल्या कप्प्यात, १६ ते १८ मिनिटं. बन उलटा करून टिचकी मारली तर पोकळ आवाज यावा.

दोन्ही पिठं साधारण एकाच वेळी तयार हवीत, आणि २८ लिटरच्या ओटीजीत एका वेळी सहाच बन मावतात. म्हणजे चार खेपा. पहिली खेप भाजेपर्यंत बाकीचे उंडे फुगून सपाट पसरतात. तालमीत तेच झालं, शेवटचे सहा बन भाकरीसारखे झाले. उपाय : सगळे उंडे वळून झाले की एक ट्रे बाहेर ठेवा, बाकी तीन फ्रिजमध्ये. आपली पाळी यायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एकेक बाहेर काढा. यासाठी फ्रिजचे दोन कप्पे रिकामे लागतात, दिवाळीचे डबे आधी हलवा.

२८ ऑक्टोबर, मंगळवार : टिक्क्या

१४ शाकाहारी टिक्क्यांना ३५० ग्रॅम राजमा. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये बोटाने सहज दबेल इतका मऊ शिजवा. अर्धाकच्चा राजमा पोटाला खरंच बाधतो. शिजल्यावर चाळणीत अर्धा तास निथळू द्या. त्यात उकडलेली चार कच्ची केळी किसून, ८० ग्रॅम जाड पोह्यांची भाजून केलेली पूड, बारीक चिरून परतलेली सिमला मिरची, जिरेपूड, काश्मिरी मिरची, आमचूर, मीठ. आलं घालायचा हात आवरा, जैनांना तेही चालत नाही. राजमा पूर्ण वाटू नका, अर्धा ठेचलेला अर्धा अख्खा राहू द्या, नाहीतर दाताखाली पिठलं.

टिक्की तव्यावर फुटते त्याचं कारण पाणी, दुसरं काही नाही. पोह्यांची पूड ते ओढून घेते, पण तिला वीस मिनिटं द्यावी लागतात. मिश्रण लगेच वळलं तर ओलं वाटतं, आपण आणखी पूड घालतो आणि टिक्की भुसभुशीत होते. नव्वद ग्रॅमचे गोळे करून चपटे करा, फ्रिजमध्ये तासभर ठेवा, मगच तव्यावर.

चिकनसाठी मांडीच्या मांसाचा खिमा, दोनदा काढलेला, ८०० ग्रॅम. नुसत्या छातीच्या खिम्याची टिक्की कोरडी होते, तळहातावर दाबली तर लाकडासारखी. त्यात एक किसून पिळलेला कांदा, आलं-लसूण, मिरपूड आणि दोन चमचे ब्रेडचा चुरा. मीठ अगदी वळायच्या वेळी. आधी घालून ठेवलंत तर खिमा चिकट होऊन सॉसेजसारखा रबरी होतो. टिक्की बनपेक्षा बोटभर मोठी थापा, शिजताना आक्रसते, आणि मध्ये अंगठ्याने खळगा करा, नाहीतर पोट फुगून वरचा बन डुगडुगतो. आत ७४ अंश व्हायला हवेत.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी ठरल्याप्रमाणे चारही खेपा भाजल्या. वळण्यापासून शेवटचा ट्रे निघेपर्यंत साडेतीन तास, आणि स्वयंपाकघराची भट्टी. बन गरम असतानाच वरून बटर फिरवा, त्याशिवाय काळा रंग मातकट दिसतो. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. काळ्यावर पांढरे तीळ, नारिंगीवर काळे. तीळ लावायचे तर भाजण्याआधी दुधाचा हात फिरवून.

दुपारी ‘रक्त’. टोमॅटो केचप त्यासाठी फार गढूळ आणि फार ओळखीचं. बीट बाद होतं. शेवटी कोकणानेच तारलं : गाळलेला टोमॅटोचा रस २०० मिली, कोकम आगळ २ मोठे चमचे, साखर ३ चमचे, काश्मिरी मिरची १ चमचा, हे उकळून त्यात पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोर २ छोटे चमचे. चमच्याच्या पाठीवर थर धरला की उतरवा. आगळ खारट असतं, मीठ घालू नका. कोकमाचा गडद लाल रंग टोमॅटोत मिसळला की अगदी जखमेसारखी छटा येते. चवीलाही हे केचपपेक्षा उजवं झालं, आणि पुढच्या वेळी वड्यांबरोबरही करणार आहोत.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

साडेतीनला चेहरे कापायला बसलो. चीज स्लाइस फ्रिजमधून काढून तिच्या कागदावरच ठेवून कापा, सोलून हातात घेतली की फाटते. फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नका, तुकडे पडतात. भोपळ्याच्या चेहऱ्याला त्रिकोणी डोळे आणि दातरी तोंड. भोकं वाटतात त्यापेक्षा मोठी कापा, उबेने कडा आत येतात. राक्षसाच्या दातांसाठी स्लाइसच्या एका कडेला करवतीसारखे त्रिकोण, ती कड बनच्या बाहेर दीड सेंटिमीटर लोंबली पाहिजे. ममी म्हणजे पट्ट्यांत गुंडाळलेलं प्रेत, तिच्या चीजच्या पट्ट्या सात मिलिमीटरच्या. चीज घेताना पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना बघा.

कोळी सोपा आणि सगळ्यात गाजलेला : अर्धं ऑलिव्ह शरीराला, पाव ऑलिव्ह डोक्याला, उरलेल्याच्या आठ पातळ काड्या पायांना. ऑलिव्ह आधी टिपकागदावर कोरडं करा, नाहीतर खारं पाणी बनवर ओघळतं. जाळ्यासाठी मेयो प्लास्टिकच्या पिशवीत भरून टोक अगदी बारीक कापा. काळ्या बनवर तीन गोल काढा आणि टूथपिकने मधून बाहेर आठ रेघा ओढा. बन गार आणि मेयो फ्रिजमधलं हवं. कोमट बनवर आमचं पहिलं जाळं पसरून फोडणीसारखं झालं, ते पुसताही येईना. शेवटी त्यावर पट्ट्या टाकून ममी केली.

रचना खालून वर अशी : तव्यावर बटरमध्ये शेकलेला तळाचा बन, मेयो, लेट्यूस, टिक्की, चेहऱ्याचं चीज, रक्त, वरचा बन. टोमॅटोच्या चकत्या घातल्या नाहीत, त्या सुटतात आणि पंधरा मिनिटांत तळ लगदा होतो. लेट्यूस धुऊन पंचात गुंडाळून खडखडीत कोरडं करा. टिक्की तव्यावरून उतरवल्यावर तीन मिनिटं थांबा, हाताला सोसवेल इतकी झाली की चीज ठेवा. त्याआधी ठेवलं तर भोपळ्याचे डोळे मिटतात.

सहा जैन बर्गर ५ वाजून १० मिनिटांनी तयार झाले, सव्वापाचला खाली पोचले. त्यांचा तवा आणि उलथनं वेगळं ठेवलं होतं, आणि चिकनच्या टिक्क्या त्यांच्यानंतरच भाजल्या. उरलेले १८ पावणेसातला. नेताना झाकण लावू नका. वाफ धरते, बन ओलसर होतात आणि रंग पुन्हा बोटांना. मोठ्या ताटांत एका थरात ठेवून वर नुसता कोरडा पंचा घातला. लिफ्टच्या तीन फेऱ्या झाल्या.

बर्गरला टोचायच्या काड्या लांब बांबूच्या घ्या आणि वर काहीतरी रंगीत लावा, म्हणजे मुलांना दिसतात. चार वर्षांखालच्यांना काडीशिवाय द्या. त्यांच्या बर्गरवर कोळीही ठेवला नाही, ऑलिव्ह घशात अडकू शकतं.

शोभेचा भोपळा त्याच दिवशी सकाळी कोरा. या हवेत दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो आणि तिसऱ्या दिवशी बुरशी. आपल्या लाल भोपळ्याची साल जाड असते, सुरी सरकते. आधी तळाला सपाट काप द्या, मग तो हलत नाही. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा, कारण अर्जात ‘आग नाही’ लिहिलं होतं.

खर्च असा : मैदा ६०, कोको २४०, जेल ९५, यीस्ट ७०, बटर १२०, चीजची तीन पाकिटं ४५०, मेयो १७०, ऑलिव्ह २१०, खिमा ३४०, राजमा ९०, आगळ ११०, केळी-भोपळा-लेट्यूस वगैरे ३६०. एकूण २३१५ रुपये, म्हणजे बर्गरमागे ९७च्या आत. तालमीचं सामान यातच आलं, फक्त मैदा, बटर आणि दूध घरातलं वापरलं ते धरलेलं नाही. निम्मा कोको आणि बरंचसं आगळ उरलं. हॉलचे ५०० वेगळे.

काळा बन बघून पहिल्यांदा एकही मूल हात लावेना, करपलाय असं वाटलं त्यांना. एकाने चावा घेतला आणि आत टिक्की आहे हे ओरडून सांगितलं, तेव्हा ताटं रिकामी व्हायला लागली. नारिंगी बन मोठ्यांनी जास्त उचलले. पुन्हा केले तर आठ काळे, सोळा नारिंगी करू.

हॉल झाडून, भोपळा कचऱ्याच्या ओल्या डब्यात टाकून, साडेनऊला चावी वॉचमनकडे दिली. अनामतीचे १००० रुपये चेकने परत मिळतात, पण त्यावर खजिनदारांची सही लागते आणि ते गावाला गेले आहेत. पावती फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावून ठेवली आहे.